ढोलीच्या झाकणाचा छाप

शाळेत रुजू झाले त्या दिवशी ड्रॉइंगच्या सरांनी मला नाव विचारलं नाही, की विषय विचारला नाही. स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले, टेबलावर टेकलेला माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, "वो मॅडम, ही साडी फाटली का मले द्याल."

मी चटकन पदर ओढून घेतला. बाकीचे शिक्षक हसत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "घाबरू नका. माझा बनियन नेला आहे त्यांनी मागच्या महिन्यात."

ते साल नव्व्याण्णव. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता. मी गोंदिया शहरात वाढलेली, अर्धं बोलणं हिंदीत. गणित शिकवायला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावी आले होते आणि वर्षभरात बदली करून घ्यायची असं ठरवून आले होते. ती बदली मी पुढे कधी मागितलीच नाही. त्यातलं निम्मं कारण हे सर.

तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. अंगानं वाळके, मान नेहमी खाली. चालताना रस्त्याच्या कडेनं चालायचे, कारण त्यांच्या मते सगळ्या चांगल्या वस्तू कडेला जाऊन पडतात. फाटक्या बारदानाचा तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी, तेंदूचं जाळीदार झालेलं पान, फणसाचं साल, कुणाच्या तरी परकराची लेस. सगळं शर्टाच्या खिशात. मधल्या सुट्टीत खिसा रिकामा करायचे आणि एकेक वस्तू डोळे मिटून चाचपत बसायचे. मुलं त्यांना पाठीमागे 'कचरा मास्तर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. एकदा कुणीतरी लेखी तक्रार केली की ड्रॉइंग शिक्षक पिऊन वर्गात येतात. मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांसमोर त्यांना विचारलं. सर ड्रॉइंगच्या खोलीत गेले आणि तपकिरी बाटली घेऊन आले. लाख उत्पादकाकडून आणलेली चपडी, म्हणजे शुद्ध केलेली लाख, त्यांनी पॉलिशच्या स्पिरिटात विरघळवून ठेवली होती. बाटलीचं बूच काढून त्यांनी ती मुख्याध्यापकांपुढे धरली.

"हे घ्या. घोट घेऊन पाहा. उद्या तुमच्या पोटाले अशी चमक येईल का घरचे आरसा म्हनून वापरतील."

तक्रारीचा कागद तिथंच फाटला. फाटलेले तुकडेही त्यांनी खिशात घातले.

ही चपडी कशासाठी लागते ते मला ड्रॉइंगच्या खोलीत कळलं. तिथे भिंतीवर एकच चित्र होतं. साधारण दोन हात लांब, दीड हात रुंद. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हतं, डोंगर नव्हता. काळ्या-तपकिरी रंगात एक खडबडीत पट्टा, त्यावर शिरांचे ठसे, मध्येच दोऱ्यासारखी वळणं आणि खालच्या बाजूला विणलेल्या कापडाचा इतका स्पष्ट छाप, की मी जवळ जाऊन बोट लावलं. कागद होता. पण बोटाला उंचवटा लागला.

"हे काय आहे सर?"

"चिकटछाप," ते म्हणाले. हा शब्द त्यांचाच. आणि मग जे सुटले ते शाळा सुटल्याची घंटा होऊन गेली तरी थांबले नाहीत.

साठच्या दशकात ते नागपूरला कलाशाळेत शिकत होते. छापचित्रं काढायची म्हणजे तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर कोरायचं, लाकडावर कोरायचं, हीच तोवर रीत. एक दिवस त्यांच्या शिक्षकांनी परदेशी मासिकातलं एक पान दाखवलं. तिकडच्या काही चित्रकारांनी कोरायचं सोडून चिकटवायला सुरुवात केली होती. फळीवर कापड, दोरा, कागद, जे हाती येईल ते चिकटवायचं, वर चपडीचा हात द्यायचा, वाळलं की शाई भरायची, जास्तीची पुसायची आणि ओला कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचं. खोलगट जागी शाई राहते, उंच जागा उजळ निघते.

"मले त्या रात्री झोप नाई मॅडम! कोरायले पत्रा लागते, हत्यार लागते. चिकटवायले काय लागते? आमच्या घरी तं चिकटवायचंच सामान होतं सारं!"

आई विड्या वळायची. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरीच प्लायवूडच्या फळीवर आईचं फाटकं लुगडं, तेंदूपानं आणि विडीला बांधायचा दोरा चिकटवला. फळी नागपूरला नेली. छाप घेताना एक वाळलेलं पान सुटून तिथल्या मशीनच्या रुळाला चिकटलं आणि मशीन सांभाळणाऱ्या माणसानं त्यांना फळीसकट बाहेर काढलं. त्यामुळे छाप निघाला एकच. तोच हा. फळी त्यांनी घरी आणून टाकली आणि नोकरीला लागले.

मुलांना ते असंच शिकवत. आंबा, फुलदाणी, सूर्योदय काढायला लावत नसत. एका बारदानाखाली पाच-सहा वस्तू लपवायचे, मुलांनी हात घालून चाचपायचं आणि जे हाताला लागलं ते कागदावर उतरवायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी बारदानात हात घालायला लावला. आत फणसाचं साल होतं. साहेबांनी दचकून हात मागे घेतला आणि नंतर इतके हसले, की शेरा चांगला लिहून गेले.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रॉइंगच्या खोलीला वाळवी लागली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सरांनी मला घरून बोलावून नेलं. इतके उत्साहात होते, की मला वाटलं काही बक्षीस मिळालं. चौकटीत चित्र नव्हतं. मातीच्या नागमोडी बोगद्यांचं जाळं होतं.

"पाहा, पाहा! उधईनं काय काम केलं! असा पोत मले जन्मात जमला नसता!"

मी मान डोलावली. थोड्या वेळानं पाणी प्यायला बाहेर आले, तर सर हापशावर तोंड धूत होते. धुतच राहिले. मी पाणी न पिता परत फिरले.

ते निवृत्त झाले, त्याच गावात राहिले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी एका सकाळी ते शाळेच्या फाटकात उभे. हातात पत्र. नागपूरच्या एका कलादालनात त्या काळातल्या प्रयोगशील छापचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. जुन्या विद्यार्थ्यांच्या एका यादीत त्यांना सरांचं नाव आणि त्या चित्राचा धुरकट फोटो सापडला होता. चित्र पाठवता येईल का, अशी विचारणा.

"चित्र तर वाळवीनं खाल्लं सर."

"चित्र खाल्लं. फळी कोठी खाल्ली?" त्यांचे डोळे लकाकत होते. "फळी असंल तं छाप निंगते. तुमची गाडी आनली का आज?"

फळी त्यांच्या मोठ्या बहिणीकडे असावी असा त्यांचा अंदाज होता. आई गेल्यावर घरचं सगळं सामान तिनंच नेलं होतं. ती इटियाडोह धरणाच्या नहराकडेच्या गावात राहायची. रविवारी माझ्या स्कूटीवर आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, नहराला पाणी सुटलेलं, आणि मागे बसलेले सर दर दोन मैलांवर माझ्या खांद्याला टिचकी मारून गाडी थांबवत. बहिणीच्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या पिशवीत एक तुटकी चप्पल, साळिंदराचा काटा आणि मासेमारीच्या जाळ्याचा गुंता जमा झाला होता.

त्यांची बहीण, मोठीबाई, अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. सत्तरीच्या, सरांसारख्याच वाळक्या, पण मान ताठ.

"काऊन आलास? सनावाराले तं येत नाईस."

"मोठीबाई, माही ती फळी कोठी हाये? कालेजातली."

"ते चिकटलेलं सोंग? ढोलीवर हाये. झाकन केलं मीनं."

ढोली म्हणजे शेणमातीनं लिंपलेली धान साठवायची बांबूची कणगी. सर धावतच आत गेले. मीही मागे. त्यांनी झाकण उचललं, उजेडात आणलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

फळी मधोमध फाटलेली होती. मोठीबाईंनी तापलेल्या सळईनं दोन्ही कडांना भोकं पाडून ती जाळ्याच्या जाड दोरीनं शिवली होती, गोधडीला घालतात तसे लांब टाके. एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चार खिळ्यांनी ठोकला होता. लुगड्याच्या तुकड्यावर पाण्याच्या गुंडाच्या, म्हणजे घागरीच्या, बुडाचा गोल उमटला होता. चपडी मात्र अजून चमकत होती.

"नासवली," सर म्हणाले. "सारी नासवली तूनं."

मोठीबाईंनी सूप खाली ठेवलं. "मीनं नासवली? तू टाकून गेलास. चाळीस वर्सं पुसलं नाईस, का माही फळी जित्ती हाये का मेली. फाटली तवा मीनं शिवली. उंदरानं खाल्ली तवा मीनं ठोकली. आता आला मोठा."

मी जमिनीकडे पाहत उभी. मग सरांनी हळूच विचारलं, "नेऊ का?"

"ने. पन माह्या ढोलीले काय झाकू? तुहं डोस्कं?"

शेवटी परात ठेवली, नवं झाकण करून आणायचं कबूल केलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही गाडी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले, तर फळी मांडीवर आणि हातात कातर. टाके कापायचे, पत्रा उचकटायचा आणि फळी होती तशी करायची, असा त्यांचा बेत होता. मला छापचित्रातलं काही कळत नव्हतं. मी गणितवाली. म्हटलं, "सर, टाके कापले तर फळीचे दोन तुकडे होतील. मग जोडाल कशानं?"

त्यांनी बराच वेळ फळी उलटीपालटी केली. कातर खाली ठेवली. "ठीक हाये," म्हणाले. "जसी हाये तसी काढू. नापसंत पडंल तं पडंल."

आता मशीन हवं. उसाच्या रसाच्या गाडीचे रूळ पाहिले, त्यांना खाचा. नागपूरला फळी न्यायला ते तयार नव्हते, तिथून एकदा हाकलले गेले होते. तेव्हा मला आठवला गोंदियातला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला पत्र्याच्या कोठ्या बनवणारा कारागीर. त्याच्याकडे पत्र्याला गोलाई देण्याचं हातानं फिरवायचं मशीन होतं, एकावर एक दोन गुळगुळीत लोखंडी रूळ.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं तिथे जमलो. तिघं म्हणजे सर, मी आणि माझ्या आईचं जुनं कांबळं, जे सरांनी आईच्या अंगावरून जवळजवळ ओढूनच आणलं होतं. कागदावर सारखा दाब पडायला लोकर लागते म्हणे. छापखान्यातून काळी शाई आणली होती, ती पातळ करायला जवसाचं तेल, आणि जाड कागद परातीत भिजत घातलेले.

कारागिरानं सगळा थाट पाहिला आणि डोकं खाजवलं. "मास्साब, कोठियाँ बनाते बनाते बाल पक गए, पर इस मशीन में आज तक कंबल किसी ने नहीं डाला।"

सरांनी शाई भरली, जुन्या धोतराच्या फडक्यानं गोल गोल पुसली. फळीवर ओला कागद, त्यावर कांबळं, खाली पत्रा. मी दांडा फिरवला. पहिला छाप निघाला तो इतका फिका, जणू कुणी कागदावर धूर सोडला होता. रूळ आवळले. दुसऱ्या वेळी कर्रकन आवाज झाला. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची कड कागदात घुसली होती आणि कागद कोपऱ्यापासून मधापर्यंत फाटला होता.

"हाच तो पत्रा!" सर उसळले. "हा काढूनच टाकतो आता."

कारागिरानं त्यांचा हात धरला. "अरे रुको तो. पत्रे का काम मेरा है।" त्यानं लाकडी हातोडीनं कड ठोकून ठोकून सपाट बसवली, कानस फिरवली, अंगठा लावून पाहिला. "अब डालो।"

तिसरा कागद. मी दांडा दोन्ही हातांनी धरला. रूळ फिरले, फळी पलीकडे सरकली, कांबळं बाजूला केलं. सरांनी कागदाची दोन टोकं चिमटीत धरली आणि हळूहळू सोलल्यासारखा कागद वर उचलला.

पानं आली, शीर न् शीर. लुगड्याची वीण आली. गुंडाचा गोल करड्या रंगात, चंद्राला खळं पडावं तसा. पत्र्याबाहेर उरलेले उंदराच्या दातांचे ठसे काळेकुट्ट. पत्र्याची जागा लख्ख, तिच्यात चार खिळ्यांचे ठिपके. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या अंधारातून चालत गेलेले मोठीबाईंचे टाके, पांढरे, प्रत्येकाला काळी किनार.

मी किंचाळले, "अरे बाप रे, क्या निकला है!" कारागीर नुसता "वाह, वाह" करत होता. बाजूच्या दुकानातली माणसं गोळा झाली. आणि सर? सर कागद धरून भर बाजारात गोल फिरत होते.

"माह्यात हे नव्हतंच! त्या वेळच्या चित्रात हे नव्हतंच! नुसती पानं होती, दोरा होता, चिकटवलेलं होतं सारं. जोडलेलं काईच नव्हतं! मॅडम, चित्र आता पुरं झालं. चाळीस वर्सं ते तिच्या घरी होऊन राहिलं होतं आन मले पत्ताच नाई!"

त्या दिवशी अकरा छाप काढले. माझे दंड पुढचे चार दिवस दुखत होते.

मग कलादालनातल्या गृहस्थांशी फोनवर बोलणं झालं. शाळेच्या फोनवरून, म्हणून मी समोरच होते. सरांनी सांगितलं, चित्राखाली दोन नावं लागतील. तिकडून बराच वेळ काहीतरी समजावणं चाललं होतं. प्रदर्शन त्या काळातल्या कलावंतांचं आहे, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लावायची पद्धत नाही, असं काहीसं.

"दुरुस्ती नाई साहेब, अर्धं चित्र तिचं हाये. दोन नावं लावा, नाई तं लावू नका." आणि फोन ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं काम मागितलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार लावलं होतं. ते मात्र शीळ घालत घरी गेले. तीन आठवड्यांनी पत्र आलं. आम्ही पाठवलेला छापाचा फोटो पाहून तिथल्या मंडळींत बरीच चर्चा झाली होती. दोन्ही नावं लावू, तेव्हाचं आणि आताचं अशी दोन्ही सालं लिहू, फक्त चित्रावर दोघांची सही हवी.

म्हणून पुन्हा स्कूटी, पुन्हा नहराची वाट. या वेळी मागे सर, मध्ये नवं कोरं सागवानी झाकण आणि माझ्या पायाशी छापांची नळी.

मोठीबाईंनी आधी झाकण पाहिलं, ढोलीवर बसवून पाहिलं, ठोकून पाहिलं. मग हात धुऊन आल्या. सरांनी अंगणात चटई अंथरून नळीतला एक छाप उलगडला. त्या बराच वेळ वाकून पाहत होत्या. एका टाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा वाकडा गेला. तवा नातीन रडून राहिली होती, तिच्याकडं पाहत होती मी."

सरांनी पेन्सिलीनं खालच्या पांढऱ्या जागेत सही केली. मग शाईची डबी उघडली, बहिणीचा अंगठा हातात घेतला.

तिनं हात झटकला. "अंगठा कायले? सही येते मले."

सर तिच्याकडे पाहत राहिले. "तुले? कवापासून?"

"तू नागपुरात चित्रं काढून राहिला होतास तवापासून. विहारात बायांले शिकवत. तूनं कधी पुसलंच नाई."

सरांनी पेन्सिल पुढे केली. मोठीबाईंनी ती घट्ट धरली, जीभ दातांत दाबली आणि एकेक अक्षर दाबून, गोल, सुटं सुटं काढलं. आपलं नाव. मग कागद लांब धरून दोन्ही सह्या पाहिल्या.

"तुही कोनालेच वाचता येत नाई," त्या म्हणाल्या. "माही वाचता येते."

सर इतक्या मोठ्यानं हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. मोठीबाईंनी पेन्सिलीचं टोक पाहिलं, चटईवर सरकून बसल्या आणि हात पुढे केला.

"दुसरा कागद आन."